पिंपरीचे पेनिसिलिन आणि देशाचे तंत्रज्ञान-नियोजन

३ मार्च २०२० रोजी भारत सरकारने बल्क ड्रग (औषधातले मूळ कार्यकारी द्रव्य) आणि त्यांपासून बनणारी औषधे मिळून २६ उत्पादनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. यादीत पॅरासिटामॉल होते, मेट्रोनिडॅझोल होते, ब-१, ब-६ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे होती, एरिथ्रोमायसिन होते. चीनच्या हुबेई प्रांतातले कारखाने कोविडच्या साथीमुळे बंद पडले होते आणि तिथून येणारा माल थांबला, तर आपल्याच रुग्णांना गोळ्या पुरतील की नाही याची धास्ती दिल्लीत वाटू लागली होती. आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत स्वस्त औषधे पुरवणारा देश अशी ज्याची ख्याती, तोच देश बल्क ड्रगची सुमारे दोन तृतीयांश आयात एकाच शेजाऱ्याकडून करत होता. पेनिसिलिनच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी बिकट होती. अॅम्पिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ज्यापासून तयार होतात, ते पेनिसिलिन-जी देशात बनणेच बंद झाले होते. पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले १९५५ मध्ये. म्हणजे जे आपल्याला स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांत साधले होते, ते त्यानंतर पासष्ट वर्षांनी साधत नव्हते.

विकसनशील देशाने तंत्रज्ञानाचे नियोजन कसे करावे, या प्रश्नाकडे मी या घटनेतून पाहतो. या पुस्तकातली प्रकरणे औषधे, इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत हिंडतात. प्रस्तावनेत त्या सगळ्यांचा गोषवारा देण्याचा माझा विचार नाही. एक गोष्ट मात्र नीट मांडायची आहे, कारण ती ध्यानात ठेवली नाही तर पुढची प्रकरणे सुट्या हकिकती वाटतील. देशाचे खरे तंत्रज्ञान-धोरण धोरण म्हणून छापलेल्या पुस्तिकेत क्वचितच असते. ते असते पेटंटच्या कायद्यात, आयात शुल्काच्या तक्त्यात, सरकारी खरेदीच्या निविदेत, परवान्याच्या अटींत आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला कारखान्याची वाट मोकळी आहे की नाही यात. हे सगळे एका दिशेने ओढत असतील तर गरीब देशही आश्चर्य वाटावे इतके पुढे जातो. यातले दोन जरी उलट ओढू लागले, तर उत्तमातला उत्तम दस्तऐवज निकामी होतो.

हा विचार अर्जेंटिनाच्या आमिल्कार हेरेरा यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फार स्पष्टपणे मांडला होता. लॅटिन अमेरिकेतली सरकारे विज्ञानाविषयी जे बोलतात ते त्यांचे उघड धोरण, आणि अर्थव्यवस्थेच्या रचनेतून ती विज्ञानाकडे प्रत्यक्षात जी मागणी करतात ते त्यांचे अंतर्भूत धोरण, असा भेद त्यांनी केला. दोन्हींत विसंगती असली की जिंकते ते अंतर्भूत धोरण. आपल्याकडे हेरेरांचे नाव फारसे घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते. युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेली पुस्तके आपण भक्तिभावाने वाचतो, आणि आपल्यासारख्याच अडचणींतून गेलेल्या देशांनी काय विचार केला याकडे पाठ फिरवतो.

कागदांची आपल्याला कधीच कमतरता नव्हती. ४ मार्च १९५८ रोजी सरकारने विज्ञान-धोरणाचा ठराव केला. त्याची भाषा आजही वाचावीशी वाटते. १९७१ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञानाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेसाठी तिने विज्ञान-तंत्रज्ञानाची स्वतंत्र योजनाच आखली. १९८३ मध्ये तंत्रज्ञान-धोरणाचे निवेदन आले. १९९६ मध्ये ‘टायफॅक’ या सरकारी तंत्रज्ञान-परिषदेचे २०२० सालासाठीचे भविष्यचित्र आले, मग २००३ आणि २०१३ ची धोरणे. शेवटच्या दोन्हींत संशोधन-विकासावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंत नेण्याचा संकल्प होता. २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता. या कागदांमागची तळमळ खोटी नव्हती. पण अर्थखाते, वाणिज्य मंत्रालय आणि खरेदी अधिकारी यांच्या टेबलांवर ती पोहोचली नाही.

औषधांच्या क्षेत्रात मात्र ती पोहोचली, आणि कशी पोहोचली हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात औषधे बहुतांशी आयात होत. परदेशी कंपन्या बल्क ड्रग बाहेरून आणून इथे फक्त गोळ्या पाडत आणि बाटल्या भरत. अमेरिकी सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची तपासणी केली, तेव्हा काही प्रतिजैविकांच्या किमती भारतात जगातल्या सर्वाधिक किमतींपैकी असल्याचे तिला आढळले. ज्या देशात रुग्ण सर्वांत गरीब, तिथे औषध सर्वांत महाग! या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी जे केले गेले, ते चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी आणि वीस वर्षांच्या अंतराने झाले. ते एका आराखड्यानुसार झाले असा दावा कुणी करू नये.

पहिले पाऊल कारखान्याचे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली. पेनिसिलिन बनवणे हे साधे रसायनशास्त्र नाही. बुरशीचा वाण जपावा लागतो, तो पिढ्यानपिढ्या निवडून अधिक उत्पादन देणारा करावा लागतो, पोलादी टाक्यांत निर्जंतुक हवा सतत खेळती ठेवावी लागते, तापमान आणि आम्लता दिवसरात्र सांभाळावी लागते. परक्या जंतूचा शिरकाव झाला की टाकी ओतून द्यायची. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, पाळीवर उभे राहून येते. पिंपरीत ते आले. इतकेच नव्हे, तर एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या संशोधन विभागात हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले. कारखान्याच्या आवारात शोध लागणे ही त्या काळच्या भारतात अपूर्व गोष्ट होती, आणि पिंपरी-चिंचवडच्या आजच्या पिढीला ती शाळेत सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. पाठोपाठ १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स आली आणि सोव्हिएत मदतीने ऋषिकेश व हैदराबाद येथे मोठे कारखाने उभे राहिले. हैदराबादच्या कारखान्यात शिकून बाहेर पडलेल्या रसायनतज्ज्ञांनी पुढे त्या शहरात औषधनिर्मितीची फळीच्या फळी उभी केली.

दुसरे पाऊल प्रयोगशाळेचे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे जगन्मान्य अभ्यासक होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ए. व्ही. रामाराव यांनी बरीच वर्षे पुण्यात काम केले आणि १९८५ मध्ये ते हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. एड्सवरचे झिडोवुडिन हे औषध वेगळ्या मार्गाने, स्वस्तात कसे बनवता येईल हे त्यांच्या चमूने शोधले. ती पद्धत घेऊन सिप्ला या भारतीय कंपनीने १९९३ मध्ये ते बाजारात आणले. एका गुरूकडून शिष्याकडे, एका शहरातून दुसऱ्या शहरात, सरकारी प्रयोगशाळेतून खासगी कारखान्यात असा हा प्रवास चाळीस वर्षांचा आहे. पंचवार्षिक योजनेच्या तक्त्यात तो मावत नाही.

तिसरे पाऊल कायद्याचे, आणि माझ्या मते निर्णायक. १९११ चा पेटंट कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केलेला होता. तो बदलण्यासाठी आधी बक्षी टेकचंद यांची समिती नेमली गेली. मग न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांना काम सोपवले गेले आणि सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. भारतात नोंदलेली बहुसंख्य पेटंटे परकीयांची आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा इथे उत्पादनासाठी वापरच होत नाही, बाजार राखून ठेवणे एवढेच त्यांचे काम उरले आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. उपाय सुचवताना त्यांनी पाश्चात्त्य देशांचाच इतिहास तपासला. जर्मनीने पुढेही १९६८ पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंट दिले नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला दिले. स्वित्झर्लंड आणि इटलीने तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तसे पेटंट दिले नव्हते. ज्या शिडीने ते वर चढले, तीच आपल्यालाही वापरायची होती. अकरा वर्षांच्या घासाघिशीनंतर १९७० चा कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या बाबतीत पेटंट फक्त पद्धतीला आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी.

या एका तरतुदीने प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाला बाजारभाव आला. तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवून दाखवणारा माणूस आता कंपनीला हवाहवासा झाला. त्याच सुमाराला किंमत-नियंत्रणाचा आदेश आला. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलाला मर्यादा घातली, १९७५ मध्ये औषध उद्योगावरच्या हाथी समितीचा अहवाल आला आणि १९७८ च्या औषध-धोरणाने बल्क ड्रग देशात बनवण्याचा आग्रह धरला. कायदा, किंमत, भांडवल, प्रयोगशाळा, कारखाना, सगळे एका बाजूला. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्यालाच दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे प्राण ज्यामुळे वाचले, त्याचे मूळ अय्यंगारांच्या अहवालात आणि पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळांत आहे. तंत्रज्ञान-नियोजनाने माणसाचे भले होते का, असे कुणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

मग पेनिसिलिन का गेले? इथे बहुतेक लिखाण घाईने जागतिकीकरणाला दोष देऊन मोकळे होते. १९९५ नंतर जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे पेटंट कायदा बदलावा लागला, २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले, हे खरे. पण पेनिसिलिन कोणाच्याच पेटंटखाली नव्हते. शिवाय नव्या कायद्यात आपण कलम ३(ड) घालून घेतले, जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून पेटंट लांबवण्याची वाट अडवली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या खटल्यात ते कलम उचलून धरले. म्हणजे कायद्याच्या आघाडीवर आपण जागे होतो.

झोप लागली ती दुसरीकडे. पेनिसिलिन ज्यात मोडते त्या किण्वनाच्या उद्योगात यश अवलंबून असते ते टाक्यांच्या आकारावर, विजेच्या दरावर आणि वाणाच्या सततच्या सुधारणेवर. चीनने नेमके हेच क्षेत्र निवडले, प्रचंड क्षमतेचे कारखाने उभारले आणि भाव पाडले. आपल्याकडे आयातीवरचे निर्बंध सैल झाले, शुल्क उतरले, आणि स्वस्त मिळणारे पेनिसिलिन-जी विकत घेऊन पुढची औषधे बनवणे प्रत्येक कंपनीला शहाणपणाचे वाटले. प्रत्येकीपुरते ते शहाणपणाचे होतेही. देशातले कारखाने एकामागून एक थांबले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. २०१६ मध्ये तिची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या जमिनीची किंमत काढता आली. पाळीवर उभे राहून शिकलेल्या माणसांचे ज्ञान त्यांच्या निवृत्तीबरोबर घरी गेले, त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही. वाणिज्य मंत्रालय आयात-निर्यात पाहत होते, औषध विभाग किमती पाहत होता, निर्गुंतवणूक करणारे जमीन पाहत होते. देशाला ही कला येते आहे ना, एवढे पाहणारा कुणी नव्हता.

मार्च २०२० मध्येच बल्क ड्रगच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा नवा मोठा कारखाना सुरू झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण हातचे घालवून पुन्हा मिळवणे किती महाग पडते, याचाही तो हिशेब आहे. आणि चिनी भाव आणखी उतरले तर हा कारखाना टिकवायचा की नाही, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सची कहाणी उलट्या टोकाची. १९६२ च्या युद्धानंतर होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९६६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तोवर ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधून चालवला होता. १९७१ मध्ये एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला. औषधांच्या क्षेत्रात नव्हते ते सगळे इथे होते: आयोग, खाते, निधी. पण परवान्यांनी प्रत्येक कारखाना इतका लहान ठेवला की कुणालाच परवडेना, आणि संगणक, सुटे भाग, यंत्रे सगळ्यांवर शुल्क इतके की वापरणाराही वाढेना. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ च्या सुमारास चिपनिर्मिती सुरू झाली आणि काही वर्षांत ती जगाच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचली. फेब्रुवारी १९८९ मध्ये कारखान्याला आग लागली. पुन्हा उत्पादन सुरू व्हायला कित्येक वर्षे गेली, आणि या उद्योगात कित्येक वर्षे म्हणजे एक युग. आगीला धोरण म्हणता येणार नाही. राखेतून उठायला लागलेल्या वेळेला मात्र म्हणता येते. पुढे १९९७ मध्ये आपण माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झालो. तयार संगणक आणि फोन २००५ पर्यंत शुल्कमुक्त होत गेले, पण इथे बनवणाऱ्याला लागणाऱ्या अनेक भागांवर आणि यंत्रांवर कर राहिला. उघड धोरण म्हणत होते देशात बनवा. शुल्काचा तक्ता म्हणत होता बाहेरून आणा. कारखानदाराने तक्त्याचे ऐकले.

याच क्षेत्रात सी-डॉट या सरकारी दूरसंचार-संशोधन संस्थेचे यश उठून दिसते. १९८४ मध्ये ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी मुदत घालून तिला काम दिले गेले. उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय, धुळीत, कमी फोन पण प्रत्येक फोनवर खूप बोलणी अशा खेड्यात चालेल असे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज तिच्या तरुण अभियंत्यांनी बनवले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसले. आराखडा एकाच कंपनीला न देता अनेकांना दिला गेला, आणि विकत घेणारे दूरसंचार खाते पहिल्या दिवसापासून सोबत होते. मागणी, आराखडा आणि उत्पादन ही तिन्ही टोके बांधलेली होती, म्हणून ते गावोगावी पोहोचले. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेला विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम-८००० हा महासंगणक तयार करता आला, त्यामागेही अशीच निश्चित मुदत आणि नेमकी गरज होती. त्यातले प्रोसेसर परदेशी होते, आणि यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. काय विकत घ्यायचे आणि काय स्वतः करायचे हे ठरवणे हाच तर नियोजनाचा गाभा. सगळे स्वदेशी की सगळे आयात, हा आपल्याकडचा आवडता वाद मला म्हणूनच निष्फळ वाटतो.

आता डिसेंबर २०२१ पासून सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना आहे. गुजरातेत साणंद आणि धोलेरा येथे प्रकल्प उभे राहत आहेत. वाचकांनी पुढची प्रकरणे वाचताना या योजनेला काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. अनुदान संपल्यावर या चिप देशात कोण आणि कोणत्या अटींवर विकत घेणार आहे? वायू, रसायने, यंत्रांचे सुटे भाग यांच्यावरचे शुल्क कोणत्या खात्याच्या हातात आहे, आणि त्या खात्याला या योजनेची उद्दिष्टे बांधील आहेत का? मोहालीत चार दशके, आग सोसूनही, चिप बनवत राहिलेल्या तंत्रज्ञांपैकी किती जण नव्या कारखान्यांत शिकवायला जाणार आहेत? आणि २०४० मध्ये, जेव्हा आजचे मंत्री, सचिव आणि कंपन्यांचे प्रमुख आपापल्या जागी नसतील, तेव्हा देशाला ही कला अजून येते आहे का, हे दरवर्षी तपासून संसदेला सांगण्याची जबाबदारी कोणावर असेल? ते पद आज कुठल्याही मंत्रालयात नाही. ते निर्माण करावे, त्याला स्वतंत्र निधी आणि किमान दहा वर्षांची मुदत द्यावी, आणि त्याच्या देखरेखीखाली पहिले नाव पेनिसिलिनचे असावे, अशी माझी सूचना आहे.